इंग्लंडच्या मध्ययुगीन गल्ल्यांची चावट नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडची सहल करून आलेल्या कुणीतरी पाठवलेला हा फोटो तुम्हीही कदाचित पाहिला असेल. काळ्या लाकडी तुळयांची घरं दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे झुकलेली, मध्ये हातभर आभाळ, आणि भिंतीवर पाटी: ग्रोप लेन. फोटोखाली हसण्याच्या खुणा असतात आणि मग प्रश्न सुरू होतात. हे खरं आहे का? नाव कुणी दिलं? सरकारने चालवून कसं घेतलं? गेली काही वर्षं मी हा विषय आवडीने वाचते आहे आणि जमेल तेव्हा त्या गल्ल्यांतून हिंडतेही. त्यामुळे ओळखीपाळखीतून हेच प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही शब्द कानाला खटकतील, पण ते गाळले तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

ज्या नावावरून एवढी चर्चा होते ते मूळ नाव काय होतं?

ग्रोपकंटलेन. जुन्या कागदांत ते बहुतेक वेळा असं जोडूनच लिहिलेलं सापडतं. ‘ग्रोप’ म्हणजे चाचपणं. ‘कंट’ हा स्त्रीच्या योनीसाठीचा जुना इंग्रजी शब्द. ‘लेन’ म्हणजे गल्ली. अर्थ उघडाच आहे, त्यात कसलंही रूपक नाही. ज्या गल्लीत पैसे देऊन शरीरसुख मिळतं ती गल्ली.

या नावाची सर्वांत जुनी नोंद साधारण १२३० ची आणि लंडनची. इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या ऐतिहासिक शब्दकोशात या शब्दाचा पहिला दाखला म्हणून हीच गल्ली दिलेली आहे. म्हणजे ज्या शब्दाला पुढे शेकडो वर्षं छापायचीही बंदी होती, तो लेखी इंग्रजीत आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो एका पत्त्यात.

आणि ही गल्ली एकटी नव्हती. ऑक्सफर्ड, यॉर्क, ब्रिस्टल, श्रूजबरी, नॉर्दॅम्प्टन, नॉरिच, बॅनबरी, शिवाय सॉमरसेटमधलं वेल्स नावाचं छोटं कॅथीड्रलचं गाव, अशा डझनभराहून जास्त ठिकाणी हेच नाव थोड्याफार फरकाने सापडतं. नॉर्दॅम्प्टनची नोंद १२७४ ची, वेल्सची १३०० ची, श्रूजबरीची १३०४ ची. एकमेकांपासून दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या वाटेवरच्या गावांत एकच नाव असावं, यावरून ही कुणा एका टवाळाची करामत नव्हती हे कळतं. गावोगावी ‘हाय स्ट्रीट’ असायचा तशीच ही गल्लीही असायची.

पण हे खरंच कागदोपत्री नाव होतं, की लोकांनी आपापसांत ठेवलेलं टोपणनाव?

दोन्ही, कारण तेव्हा या दोहोंत फरकच नव्हता. तेराव्या शतकात रस्त्याला नाव देणारी समिती नव्हती, कोपऱ्यावर पाटी नव्हती, घराला नंबर नव्हता. लोक ज्या नावाने ओळखत तेच नाव.

ते कागदावर आलं ते जमिनीच्या व्यवहारांमुळे. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता? इंग्लंडमधल्या दस्तांतही तसंच लिहीत. दस्ताची भाषा लॅटिन. कारकून लॅटिनमध्ये लिहीत लिहीत येतो, उत्तरेला अमुक तमुकाची मिळकत, पश्चिमेला जिला लोक म्हणतात ती... आणि इथे लॅटिन थांबून मध्येच इंग्रजी नाव उमटतं, ग्रोपकंटलेन. मग पुन्हा लॅटिन सुरू. पुढच्या ओळीत साक्षीदारांची नावं, खाली मोहोर. या नावाचं खरं दर्शन मला अशा दस्तांतच होतं. तिथे ते हसवायला किंवा लाजवायला येत नाही. मिळकत कुठे संपते, एवढंच ते सांगतं.

मग त्या काळी हा शब्द शिवी नव्हता का?

आजच्यासारखा नव्हता. तो उघडावाघडा होता, घरगुती होता, पण बंदी घातलेला नव्हता. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या शस्त्रक्रियेच्या इंग्रजी ग्रंथात बायकांच्या मूत्राशयाची रचना सांगताना हाच शब्द सरळ वापरलेला आहे. माणसांच्या नावांतही तो दिसतो. १२१९ च्या एका नोंदीत गुनोका कंटल्स नावाची बाई आहे, १३२८ च्या एका नोंदीत बेले वाइडकंथ आहे. ही नावं लाडाची असतील असं नाही, पण सरकारी कारकुनाने ती न अडखळता लिहून घेतली.

त्या समाजाला खरा धक्का बसायचा तो देवाच्या नावाने घेतलेल्या शपथांचा. ‘देवाच्या हाडांची शपथ’, ‘ख्रिस्ताच्या जखमांची शपथ’ असं कुणी रागात म्हणालं की लोक कानांवर हात ठेवत. शरीराच्या अवयवांची लाज बोलण्यात यायला अजून बराच अवकाश होता.

आपल्या ‘कुंटीण’, ‘कुंटणखाना’ या शब्दांशी याचा काही संबंध आहे का?

मराठी माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, आणि विचारायला हवाच. पण संबंध नाही. आपली कुंटीण संस्कृत ‘कुट्टनी’वरून आली, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या भेटी जमवून देणारी दलाल बाई. इंग्रजी शब्द जर्मानिक कुळातला आहे आणि जुन्या नॉर्स भाषेत त्याचं भावंड ‘कुंटा’ असं सापडतं. आवाज जुळला, धंदाही जुळला, पण घराणी वेगळी.

अशा गल्ल्या गावाबाहेर, आडबाजूला असतील ना?

आपल्याला तसं वाटतं खरं, पण पुरावा उलटा आहे. या विषयातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं संशोधन हेच. रिचर्ड होल्ट आणि नायजेल बेकर या इतिहासकारांनी २००१ साली गावोगावच्या या गल्ल्या जुन्या नकाशांवर बसवून पाहिल्या. त्या बहुतेक ठिकाणी गावाच्या मधोमध, मुख्य बाजाराला लागून निघाल्या. बाजाराला कोण येतं? आसपासचे शेतकरी, लांबचे व्यापारी, गाडीवान, बंदर असेल तर खलाशी. त्यांना विचारत विचारत सापडावी अशी ती जागा होती.

लंडनची गल्ली तर चीपसाइडला होती. ‘चीप’ हा बाजारासाठीचाच जुना शब्द. सेंट पँक्रस आणि सेंट मेरी कोलचर्च या दोन पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चला जोडलेल्या वस्त्यांच्या हद्दीत, लंडनच्या सगळ्यात श्रीमंत बाजारपेठेच्या कुशीत ती होती. शेजारच्या गल्ल्यांची नावं वाचत जा. ब्रेड स्ट्रीट, म्हणजे पाववाले. मिल्क स्ट्रीट, म्हणजे दूधवाले. आयर्नमंगर लेन, म्हणजे लोखंडाचे व्यापारी. पोल्ट्री, म्हणजे कोंबड्या विकणारे. हनी लेन, मधाची गल्ली. जिथे जे मिळतं ते त्या जागेचं नाव. पुण्यात तांबट आळी म्हटल्यावर तिथे काय चालायचं हे वेगळं सांगावं लागतं का? ग्रोपकंटलेन त्याच रांगेतलं नाव आहे. ते चावट आहे हे खरं, पण त्याआधी ते धंद्याचं नाव आहे.

या गल्लीच्या दोन शेजारणीही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एकीचं नाव बोर्डहॉ, म्हणजे कुंटणखान्याचं आवार. दुसरीचं पपकर्टी लेन. ‘कर्टल’ म्हणजे बायकांचा पायघोळ झगा, आणि नावाचा अर्थ त्या झग्याशी केलेल्या चाळ्यांचा. म्हणजे चीपसाइडच्या पोटात एक गल्ली नव्हती, एक छोटी वस्तीच होती.

तिथल्या बायकांबद्दल काही माहिती मिळते का?

फार थोडी. मला याची चुटपुट लागून राहते. गल्लीचं नाव कागदांत आठशे वर्षं टिकलं आणि तिथे राहणाऱ्या बहुतेक बायकांची नावं कुठेच नाहीत. त्या कागदावर येतात ते पकडल्या गेल्यावरच.

सगळ्यात तपशिलवार नोंद आहे ती जॉन राइकनरची. डिसेंबर १३९४ मधली एक रविवारची रात्र, आठ-नऊची वेळ, चीपसाइडहून निघणारी सोपर लेन, म्हणजे आपल्या गल्लीपासून चार पावलांवर. बायकांच्या कपड्यातल्या राइकनरला एका गिऱ्हाइकासोबत दुकानाच्या फळीजवळ पकडलं. स्वतःचं नाव एलिनर सांगितलं गेलं. पुढे शहराच्या न्यायालयासमोर जो जबाब झाला त्यात बायकांची वेशभूषा कुणी शिकवली, ऑक्सफर्डला एलिनर या नावाने भरतकाम करून कसं पोट भरलं, गिऱ्हाइकांत धर्मगुरू किती होते आणि ते इतरांपेक्षा जास्त पैसे देत म्हणून कसे बरे वाटत, हे सगळं आलं आहे. लॅटिनमधला एक जबाब, पण त्यातून एक जिवंत माणूस बोलताना ऐकू येतं. शिक्षा काय झाली याची नोंद मात्र त्यात नाही.

इतर बायकांची शिक्षा कशी असायची ते लंडनच्या नियमांत लिहिलेलं आहे. देहविक्रय सिद्ध झालेल्या बाईला तुरुंगातून ऑल्डगेटला, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या वेशीला न्यायचं. डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची टोपी, हातात पांढरी काठी. तिथून पुढे वाजंत्री लावून तिची धिंड, बायकांसाठीच्या खोड्यापर्यंत. तिथे गुन्हा मोठ्याने वाचायचा. मग चीपसाइडमधून, न्यूगेटच्या वेशीतून, शहराच्या भिंतीबाहेर कॉक लेनला नेऊन सोडायचं, आता इथेच राहा म्हणून. या वाटेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ज्या बाजाराने तिला पोसलं, त्याच बाजाराच्या मधून वाजंत्री वाजवत तिला बाहेर काढत होते. १३९३ च्या फर्मानाने हे पक्कंच केलं. शहरातल्या अशा बायकांनी एकतर कॉक लेनमध्ये राहायचं, नाहीतर नदीपलीकडे साउथवर्कच्या स्ट्यूजमध्ये.

स्ट्यूज म्हणजे काय? आणि ती जागा बिशपची होती हे खरं का?

खरं आहे. ‘स्ट्यू’ म्हणजे मुळात गरम पाण्याचं न्हाणीघर. न्हाणीघरांत हा धंदा चाले म्हणून तो शब्द कुंटणखान्याला चिकटला. थेम्सच्या दक्षिण काठावरची ही वस्ती विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत होती. लंडनचे कायदे तिथे लागू नव्हते, बिशपचे होते. त्यामुळेच तिथल्या बायकांना लोक ‘विंचेस्टरच्या हंसिणी’ म्हणत.

तिथले नियम दुसऱ्या हेन्री राजाच्या काळापासूनचे, ११६१ चे, असं सांगितलं जातं, पण ते ज्या प्रतींतून आपल्यापर्यंत आले त्या पंधराव्या शतकाच्या. ते वाचले की पोटात कालवतं. खोलीचं भाडं आठवड्याला चौदा पेन्सांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. जिला हे सोडायचं असेल तिला अडकवून ठेवायचं नाही. सणावारी दार उघडं ठेवायचं नाही. गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले तर सकाळपर्यंत त्याच्याजवळ थांबायचं. काही नियम त्या बाईला सांभाळणारे आहेत, काही तिला बांधून ठेवणारे. आणि मेल्यावर तिला पवित्र दफनभूमीत जागा नाही. ज्या धर्मसत्तेच्या जमिनीवर ती आयुष्यभर भाडं भरत होती, तिनेच हे ठरवलं होतं. मला हे आजही पचत नाही.

या घरांच्या नदीकडच्या भिंतींवर चित्रं रंगवलेली असत, पलीकडून होडीने येणाऱ्याला दिसावीत म्हणून. रानडुकराचं मुंडकं, तोफ, करकोचा, घंटा, राजहंस, आणि कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूची, लाल टोपी. आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये ही वस्ती बंद केली.

मग ग्रोपकंटलेन हे नाव गेलं कधी? प्युरिटन लोकांनी पुसलं का?

प्युरिटन म्हणजे ख्रिस्ती धर्मातले कडक, सोवळे सुधारक. त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे, पण तारखा जुळत नाहीत. या पूर्ण नावाची शेवटची नोंद १५६१ ची, आणि प्युरिटन लोक सत्तेवर आले सतराव्या शतकाच्या मध्यात. बॅनबरीत तर १३३३ ला ग्रोपकंटलेन असलेली गल्ली १४१० पर्यंत पार्सन्स लेन झालेली होती, म्हणजे धर्मगुरूंची गल्ली. आज ती पार्सन्स स्ट्रीट आहे.

नावं गेली ती वेगवेगळ्या वाटांनी. एक वाट कात्रीची. मधला शब्द कापून टाकायचा, दोन्ही टोकं जोडायची, ग्रोप लेन. श्रूजबरी तिथेच थांबली. दुसरी वाट एक स्वर बदलण्याची. यॉर्कची गल्ली ग्रोपवरून ग्रेप लेन झाली, म्हणजे द्राक्षाची गल्ली. तिथे द्राक्षाचा वेल शोधायला जाऊ नका. वेल्समध्ये ग्रोपचं ग्रोव्ह झालं, म्हणजे झाडांची राई, आणि पुढे ते नावही जाऊन युनियन स्ट्रीट आलं.

ऑक्सफर्डची कथा सगळ्यात वळणाची आहे. आधी ग्रोपकंट, मग ग्रोप, मग तिथल्या एका मद्यघराच्या पाटीवरून मॅगपाय लेन, मॅगपाय म्हणजे कावळ्याच्या कुळातला तो काळा-पांढरा पक्षी. मग मध्येच ग्रोव्ह स्ट्रीट, आणि विसाव्या शतकात पुन्हा मॅगपाय लेन. हाय स्ट्रीटवरून मर्टन स्ट्रीटकडे उतरणारा तो अरुंद बोळ आहे, शेजारी कॉलेजच्या भिंती. विद्यार्थ्यांच्या शहरात ही गल्ली कॉलेजांना खेटून होती, यात नवल नाही.

नॉरिचची गल्ली आज ओपी स्ट्रीट आहे, गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लेखिका अमेलिया ओपी यांच्या नावाची. ब्रिस्टलची नेल्सन स्ट्रीट झाली. लंडनची गल्ली मात्र नावासकट नकाशातून नाहीशी झाली. शेजारची सोपर लेन लंडन जाळणाऱ्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर नव्या क्वीन स्ट्रीटमध्ये विरघळली.

नावं बदलण्यामागे धर्मसुधारणा, म्हणजे रोमच्या चर्चपासून फुटण्याची सोळाव्या शतकातली चळवळ, होतीच, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण भाषेत आहे. तो शब्द स्वतःच हळूहळू शिवी बनत गेला. गल्ली तीच, माणसं तीच, पण आजोबांनी सहज सांगितलेला पत्ता नातवाला चारचौघांत सांगवेना.

आम्हाला गाइडने सांगितलं की अंधारात चाचपडत जावं लागे म्हणून ग्रोप लेन. ते चूक का?

चूक आहे, पण ती चूक गाइडची नाही, दोनशे वर्षांपूर्वीची आहे. श्रूजबरीच्या इतिहासावर लिहिणाऱ्या थॉमस फिलिप्स यांनी अठराव्या शतकात या नावाचा संबंध स्पष्टपणे तिथल्या व्यभिचाराशी जोडला होता. नंतर १८०८ मध्ये ह्यू ओवेन यांनी लिहिलं की ही ‘ग्रोप, म्हणजेच अंधारी गल्ली’. ओवेन आर्चडीकन, म्हणजे वरच्या पदावरचे धर्मगुरू. त्यांचा सोवळा अर्थ लोकांना सोयीचा वाटला आणि तोच तोंडातोंडी राहिला.

मी त्या गल्लीत आईला घेऊन गेले होते. हाय स्ट्रीटवरून आत शिरलं की वरचे मजले इतके पुढे आलेले आहेत की भर दुपारी सावली पडते. फरशी चढावाची, वर फिश स्ट्रीटला जाऊन मिळणारी. आई भिंतीला हात लावत लावत चढली आणि म्हणाली, ‘‘अगं, खरंच चाचपडावं लागतंय की.’’ त्या जागेत उभं राहिलं की ओवेनसाहेबांचा अर्थ पटावा अशीच ती आहे. मग मी तिला १३०४ च्या दस्तातलं पूर्ण नाव सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि तिने विचारलं, ‘‘आणि त्या बायका राहायच्या कुठे गं? वरच्या मजल्यावर की रस्त्यावरच?’’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण इतकी पुस्तकं वाचूनही मला हा प्रश्न पडला नव्हता.

फक्त याच एका विषयाची नावं आहेत, की घाणीचीही?

घाणीची भरपूर आहेत. लंडनमध्ये आज शेरबॉर्न लेन आहे, ऐकायला किती सभ्य. जॉन स्टो यांनी १५९८ मध्ये लंडनचं जे वर्णन लिहिलं त्यात म्हटलं आहे की इथे एक ओढा अनेक वाटांत फुटायचा, म्हणून हे नाव. पण तेराव्या शतकातल्या कागदांत या गल्लीचं नाव शिटबर लेन या धर्तीचं आहे. पहिला भाग विष्ठेचा, दुसरा गढीचा. विष्ठेची गढी, म्हणजे शौचकूप. ओढा वगैरे काही नव्हतं. स्टो यांच्यासारख्या दक्ष माणसालाही फसवण्याइतकं ते नाव तीनशे वर्षांत धुऊन निघालं होतं.

क्लार्कनवेलच्या पॅसिंग ॲलीत आज माणसं ये-जा करतात म्हणून ते नाव बरोबर वाटतं. पण तीही एका अक्षराने वाचली. आधीची ती पिसिंग ॲली, मुतारी बोळ. आणि न्यूगेटच्या खाटिकवाड्याला लागून स्टिंकिंग लेन होती, घाणेरड्या वासाची गल्ली. रक्त आणि आतडी तिथे रोजची. १२२५ च्या सुमारास फ्रान्सिस्कन साधूंना लंडनमध्ये मठासाठी जागा मिळाली ती याच गल्लीत. गरिबीचं व्रत घेतलेल्यांनी ती घेतलीही. आज तिथे किंग एडवर्ड स्ट्रीट आहे.

चावट वाटणारं प्रत्येक नाव चावटच असतं का?

नाही, आणि इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. वर आलेली कॉक लेनच घ्या. ‘कॉक’ म्हणजे कोंबडा, आणि बोलीत पुरुषाचं लिंगही. देहविक्रयासाठी नेमून दिलेली गल्ली आणि हे नाव, म्हणजे अर्थ ठरलाच असं वाटतं. पण नाव फर्मानाआधीचं आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध कोंबड्यांशी लावतात. खेड्यांत कॉकशट नावाच्या जागा दिसतात. तिथे संध्याकाळी वूडकॉक पक्षी पकडायला झाडांमध्ये जाळं लावत.

लव्ह लेनचं उदाहरण मला फार आवडतं. लंडनमध्ये या नावाच्या दोन गल्ल्या होत्या. वूड स्ट्रीटजवळची स्टो यांच्या मते उच्छृंखल लोकांवरून. बिलिंग्जगेटची मात्र तेच स्टो सांगतात की आधी रोप लेन, मग ल्युकस नावाच्या मालकावरून ल्युकस लेन, आणि तिचाच अपभ्रंश लव्ह लेन. एकच नाव, एकाच शहरात, आणि उगम दोन. म्हणून जुनी रूपं कालक्रमाने लावून पाहिल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही.

यॉर्कमधली व्हिपमाव्हॉपमागेट ही सगळ्यात छोटी गल्ली. नावात चाबूक ऐकू येतो म्हणून फटक्यांच्या कहाण्या रचल्या गेल्या. १५०५ च्या नोंदीत तिचं रूप व्हिटनूरव्हॉटनूरगेट असं आहे, म्हणजे ‘धड हेही नाही, धड तेही नाही’ किंवा ‘काय हा रस्ता!’ असं काहीसं. (तिथल्या ‘गेट’चा अर्थ वेस नव्हे. तो नॉर्स ‘गाटा’, म्हणजे रस्ता.)

आणि उलट बाजू. यॉर्कशायरमधल्या कॉनिसबरो गावात एका रस्त्याचं नाव बटहोल रोड होतं, मुळात पाण्याच्या पिंपावरून पडलेलं असं सांगतात. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ भलताच, गुदद्वार असा होतो. पाटीजवळ फोटो काढणाऱ्यांना आणि फोनवर हसणाऱ्यांना कंटाळून रहिवाशांनी २००९ मध्ये ३०० पौंड भरले आणि रस्त्याचं आर्चर्स वे करून घेतलं. नावावर हसणाऱ्याचा खेळ होतो, पण तिथे राहणाऱ्याला तेच नाव रोज सांगावं लागतं.

हा प्रकार इंग्लंडपुरताच होता का?

नाही. पॅरिसमध्येही होता. तिथला आजचा पेलिकन रस्ता मुळात पाणकोळ्याचा नव्हे, स्त्रीच्या गुह्यांगावरच्या केसांचा. उच्चार जुळवून त्याला पक्षी केलं. आणि आजचा मारी स्टुअर्ट रस्ता एकेकाळी पुरुषाच्या अवयवावरून ओळखला जाई.

आज जाऊन काय पाहता येईल?

लंडनपुरतं बोलायचं तर सकाळी चीपसाइडला उतरा. ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, आयर्नमंगर लेन यांच्या पाट्या वाचा आणि क्वीन स्ट्रीटच्या तोंडाशी थोडं थांबा, राइकनरला पकडलं ते इथेच कुठेतरी. तिथून पश्चिमेला न्यूगेटकडे चालत गेलात की धिंडीचीच वाट होते. कॉक लेनच्या कोपऱ्यावर सोनेरी रंगाचं एक गुबगुबीत पोर भिंतीत उभं दिसेल. १६६६ ची आग तिथवर येऊन थांबली, त्याची ती खूण आहे.

मग पूल ओलांडून बँकसाइडला या. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाची जी नवी वास्तू आहे, तिच्या शेजारी जुन्या घरांच्या मध्ये एक बोळ दिसेल, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल इतका अरुंद. कार्डिनल कॅप ॲली. पाटी लहान आहे, लोक तिच्यासमोरून नदीचे फोटो काढत निघून जातात. पाठ नदीकडे करून उभे राहा. होडीतून येणाऱ्यांना ती लाल टोपी इथल्याच भिंतीवर दिसत असे.